शुक्रावर उतरायचं नाही, तरंगायचं

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर गेला की रात्री घरात कोण थांबतं, अंथरूण-उशी उचलायची आणि सरळ धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नाहीतर आता स्लॅबवर. लहानपणी मी तिथे पडल्या पडल्या मावळतीकडे शुक्राची चांदणी बघायचो आणि वाटायचं, तिथे किती गार असेल!

गार कसलं हो. शुक्राच्या जमिनीवर ४६५ अंशांच्या आसपास तापमान, शिसंसुद्धा वितळून जाईल, आणि हवेचा दाब आपल्या ९० पट. १९८२ साली सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरलं, ते २ तास ७ मिनिटं चाललं आणि तेवढं टिकलं हेच मोठं कौतुक. पण धाब्यावर चढतो तसं शुक्राच्या ढगांत ५५ किलोमीटर वर चढा, तर तिथे २५-३० अंश, दाब पृथ्वीच्या साधारण निम्मा, आणि वजनही जवळजवळ इथल्याएवढंच वाटेल. मग शुक्रावर माणसांचं शहर वसवायचंच झालं, तर ते जमिनीवर बांधायचं कशाला?

आता ते तरंगणार कसं? आपण विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचो ना, तो पाण्यापेक्षा हलका म्हणून आपल्याला वर धरायचा, बस तेच. शुक्राची हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जड, आणि आपण श्वास घेतो ती साधी हवा तिच्यापेक्षा हलकी, म्हणजे हेलियम वगैरे भरायचीही गरज नाही, फुग्यात आपली हवा भरायची आणि त्याच फुग्यात राहायचं! नासाचे शास्त्रज्ञ जेफ्री लँडिस यांनी २००३ मध्ये हे मांडलं, ते स्वतः विज्ञानकथाही लिहितात. मला तर हा विचार इतका आवडतो की सांगता सोय नाही. आणि पंक्चर झालं तरी आत-बाहेर दाब सारखाच, त्यामुळे फाडकन फुटणार नाही, हवा हळूहळू मिसळत जाईल, ठिगळ लावायला वेळ मिळेल.

बरं, ही नुसती कल्पना नाही. जून १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी खरोखर दोन फुगे तिथे सोडले, हेलियमचे, ५४ किलोमीटर उंचीवर, आणि ते ४६ तास सिग्नल पाठवत वाऱ्यासोबत ११ हजार किलोमीटर गेले.

अडचण आहे ती ढगांची, ते सल्फ्युरिक ॲसिडचे, म्हणून बाहेरून टेफ्लॉनसारखं आवरण लागेल. आणि पाणी? तेही त्याच ॲसिडमधून काढावं लागेल, खूप मेहनतीने, थोडं थोडं. माझ्या डोळ्यांसमोर तर त्या फुग्यात रावेरची केळीबाग येते, केळीला लागणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर हवा तेवढा, पण पाटाने पाणी सोडायची सोय नाही, म्हणजे तिथेही पहिल्या दिवसापासून ठिबकच टाकावं लागणार.