आधी अर्थ, मग वायर

मंडळी, आजचा विषय हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवण्याचा आहे. तिथे पोहोचायचंच आहे, पण त्याआधी मला काळ्या वायरीबद्दल बोलू द्या. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे दिवे रुसले की लोक लगेच त्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या नावाने खडे फोडतात. मला ते पटत नाही. त्यांची रंगांची पद्धत किती सुरेख आहे बघा. बॅटरीवरून थेट आलेली तपकिरी, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. साइड लाइटला लाल, हेडलाइटला निळी. पन्नास वर्षांची धूळ पुसली तरी वायर आपली ओळख सांगते. आणि काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जोडलेली, सगळ्यांची परतीची वाट. तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही.

माझ्याकडे एक एमजीबी आली होती, अशीच जुनी ब्रिटिश गाडी. १९६७ च्या अखेरीस तिची मार्क २ ही पुढची आवृत्ती आली, त्याआधीची. म्हणजे पॉझिटिव्ह अर्थवाली (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली), सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. नुकतंच रंगकाम झालेलं, हात लावायला जीव होऊ नये इतकं देखणं. तक्रार काय, तर ब्रेक दाबला की मागचे दिवे जेमतेम पेटतात आणि डॅशबोर्डवरचे मिणमिणायला लागतात! मागच्या रांगेतले हसले, म्हणजे त्यांनीही हे भोगलंय. आधी बल्ब बदलले होते, मग ब्रेकचा स्विच, मग मागचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. फरक शून्य.

आता बघा काय होतं. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि साइड लाइटची ५ वॅटची. दोन्हींचं एकेक टोक बल्बच्या धातूच्या बुडाला जोडलेलं. तिथला अर्थ तुटला की ब्रेकचा करंट आडवाटेला लागतो. ५ वॅटच्या फिलामेंटमधून लाल वायरीत, तिथून डॅशबोर्डच्या दिव्यांत. डिकीत काळी वायर ज्या स्क्रूखाली येते तो काढला, तर खाली रंगाचा चकचकीत थर! रंगातून वीज जात नाही. रंगवणाऱ्याने सगळं मनापासून केलं होतं, फक्त तेवढी जागा झाकायला हवी होती. नखाएवढा पत्रा पॉलिश पेपरने घासला, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलिन. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी चांगलं हार्नेस फेकून दिलं होतं. याचा मला अजून राग येतो.

इंजिनाच्या अर्थपट्टीचंही तेच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून ते बॉडीला जोडायला ही पट्टी लागते. पट्टी लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धूर येतो.

अर्थ तपासताना मीटर ओहमवर लावू नका. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी आकडा शून्याजवळ दिसतो. दिवा चालू ठेवा, मीटर व्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं दिव्याच्या धातूला. ०.१-०.२ व्होल्ट चालेल. १ व्होल्ट दिसला तर तेवढा दिव्याच्या वाट्याचा वाटेतच गेला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर रिले. ६०-६० वॅटचे दोन अपर म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर, आणि तो सगळा भार जुन्या स्विचवर आणि अपर-डिपर बदलणाऱ्या स्विचवर. म्हणून दोन रिले घ्या, एक अपरला, एक डिपरला. रिलेच्या टोकांवर आकडे असतात: जुनी निळी-पांढरी अपरच्या रिलेच्या ८६ ला, निळी-लाल डिपरच्या ८६ ला. ८५ अर्थला. ३० ला बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीच्या बाजूलाच फ्यूज लावून. ८७ वरून दिव्याला. पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेला साधा रिले मागा, त्याला उलटसुलट चालतं. आणि दिव्यापासून निघणारी काळी वायरही तेवढीच जाड नवीन घाला. ज्यांनी मीटर आणलाय त्यांनी थांबा, बाहेर गाडी उभी आहे, मोजून बघू.