कीजसाठी ठेवलेला निरोप

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीची वेळ. लॉस एंजेलिसच्या ओल्या रस्त्यावरून एक मोटार भलत्याच वेगानं येते, सिग्नल तोडते आणि एका कचेरीच्या इमारतीपाशी थांबते. उतरलेला माणूस लिफ्टनं वर जातो आणि अंधाऱ्या केबिनमध्ये टेबलापाशी बसतो. त्याच्या खांद्यात गोळी आहे. तरी तो डॉक्टरला बोलावत नाही. टेबलाशेजारच्या डिक्टाफोनचं, म्हणजे बोललेलं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राचं, नळकांडं तोंडाशी धरतो आणि बोलायला लागतो. कचेरीतला साधा मेमो सांगावा तसं: वॉल्टर नेफकडून क्लेम मॅनेजर बार्टन कीज यांना, लॉस एंजेलिस, १६ जुलै १९३८. मग एका दमात सांगून टाकतो. डिट्रिकसनला मी मारलं. पैशासाठी मारलं आणि एका बाईसाठी मारलं. पैसेही मिळाले नाहीत, बाईही मिळाली नाही.

हा चित्रपट म्हणजे 'डबल इन्डेम्निटी'. साल १९४४, दिग्दर्शक बिली वाइल्डर. मूळ कथा जेम्स एम. केन यांची, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर या दोघांनी मिळून लिहिलेली. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकानं त्यातल्या काहींना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असं नाव दिलं. त्या पहिल्या मोजक्या नावांत हा चित्रपट होता.

गेली अनेक वर्षं मी हा चित्रपट घरी वेगवेगळ्या माणसांबरोबर पाहत आलोय. संपल्यावर चहा ठेवायचा आणि प्रत्येकाला विचारायचं, काय वाटलं? आज त्या मतांबद्दल बोलायचंय, कारण त्यातल्या दोन-तीन मतांशी माझं खरंखुरं भांडण आहे.

पहिलं मत माझ्या भाच्याचं. तो म्हणाला, "मामा, पाच मिनिटांत खुनी कळला. आता पुढं काय बघायचं?" अनेकांना असंच वाटतं. त्याच्याच जोडीला दुसरी तक्रार येते, ती निवेदनाची. पडद्यावर दिसतंय तेच हा माणूस पुन्हा बोलून का दाखवतो? आपल्याला कळत नाही का?

मला वाटतं, इथं प्रेक्षक एक गोष्ट विसरतो. नेफ आपल्याशी बोलतच नाहीये. तो कीजशी बोलतोय. कीज त्याच्याच विमा कंपनीतला, खोटे दावे हुंगून काढणारा माणूस. आपण फक्त मध्येच कानावर पडलेलं ऐकतोय. खून कुणी केला, हे कोडंच नाही. ही कबुली कुणासाठी आणि ती ऐकल्यावर त्या माणसाचं काय होईल, यावर पुढचा पावणेदोन तासांचा ताण उभा आहे. हे एकदा मनात धरून चित्रपट पाहा. प्रत्येक वाक्याचा सूर बदललेला ऐकू येतो.

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यभर विम्याची एजन्सी केली. त्यांनी हा चित्रपट त्यांच्या धंद्याच्या नजरेनं पाहिला आणि मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं. शीर्षक ऐकताच ते म्हणाले, "म्हणजे आपलं डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट." अपघाती मृत्यू आला तर वारसाला दुप्पट रक्कम. चित्रपटात ही दुप्पट भरपाई काही ठरावीक, विरळा घडणाऱ्या अपघातांसाठी आहे, आगगाडीतला मृत्यू त्यातला एक. म्हणून पन्नास हजार डॉलरचे एक लाख करायला डिट्रिकसन गाडीतून पडून मेलेला दिसला पाहिजे. पॉलिसी विकणारा नेफ त्याची सही मोटारविम्याच्या कागदाची दुसरी प्रत म्हणून घेतो. सही करणाऱ्याला कळतही नाही की आपण स्वतःच्या जिवावर पॉलिसी काढली. काका इथं अस्वस्थ झाले. "प्रपोजल फॉर्म न वाचता सही करणारी माणसं मी रोज पाहिलीत," असं म्हणून बराच वेळ गप्प बसले.

ही कथा केन यांना कुठून सुचली असेल, त्याचा माग खऱ्या खटल्यापर्यंत जातो. १९२७ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर नावाच्या बाईनं प्रियकर जड ग्रेच्या मदतीनं नवऱ्याचा खून केला. त्याच्या विम्यातही हेच दुप्पट भरपाईचं कलम होतं. पुढच्या जानेवारीत दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहदंड झाला.

पण काका ताठ बसले ते कीजच्या एका प्रश्नावर. खुनाच्या आधी डिट्रिकसनचा पाय मोडलेला असतो, कुबड्या घेऊन तो फिरत असतो. कंपनीचा मुख्य नॉर्टन हा मृत्यू आत्महत्या ठरवू पाहतो, कीज त्याला आत्महत्यांच्या आकडेवारीचा पाढा म्हणून दाखवतो आणि गप्प करतो. आणि नंतर, रात्री, कीजच्या पोटात कालवायला लागतं. अपघाताचा विमा असताना पाय मोडल्याचा क्लेम या माणसानं का केला नाही? एकच उत्तर संभवतं: पॉलिसी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "हा खरा क्लेमचा माणूस. केलेला क्लेम कुणीही तपासेल. न केलेला क्लेम याला दिसला."

एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी हा कीज केलाय. गुंडांच्या भूमिकांनी ज्यांचं नाव झालं, त्यांच्या तोंडी इथं प्रामाणिकपणाची सगळी भाषणं आहेत, आणि ती कुठंही उपदेशाची वाटत नाहीत. खिशात सिगार, काडेपेटी कधी जवळ नाही, दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवतो. ही काडी लक्षात ठेवा.

फिलिस, म्हणजे डिट्रिकसनची बायको आणि नेफ जिच्यासाठी खून करतो ती बाई, तिच्याबद्दल मात्र दर बैठकीत वाद होतो. बार्बरा स्टॅनविकनं घातलेला तो सोनेरी केसांचा टोप अनेकांना खटकतो. खटकणारे एकटे नाहीत. चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानंच तेव्हा म्हटलं होतं, की आम्ही स्टॅनविकला घेतलं आणि हाती आला जॉर्ज वॉशिंग्टन, चित्रांतल्या त्या टोपासारख्या पांढऱ्या केसांचा. मला तो टोप आवडतो. या बाईच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट दुकानातून आणलेली वाटते, पायातल्या साखळीपासून. आणि १९५० साली लक्स रेडिओ थिएटरवर स्टॅनविक आणि नेफ झालेले फ्रेड मॅकमरे यांनी हीच कथा आवाजात सादर केली, तेव्हा टोपाचा प्रश्नच उरला नाही. तिचा आवाज पुरेसा होता.

खरा वाद शेवटच्या भेटीचा. फिलिस नेफवर एक गोळी झाडते, दुसरी झाडत नाही. म्हणते, तुझ्यावर मी कधीच प्रेम केलं नव्हतं, अगदी आत्ता, दुसरी गोळी झाडता आली नाही त्या क्षणापर्यंत. माझी आत्या म्हणाली, खोटं बोलतेय, आणखी एक डाव. कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली म्हणाल्या, पूर्ण चित्रपटात तेवढंच एक खरं. मी अनेक वेळा पाहूनही ठरवू शकलेलो नाही. मुलींकडे झुकतो, एवढं सांगतो, कारण ते बोलताना तिच्या चेहऱ्यावर स्वतःचंच आश्चर्य दिसतं.

नेफच्या घराचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, जे अशा इमारतीत सहसा उघडत नाही, ही चूक प्रत्येक बैठकीत कुणीतरी पकडतं. बरोबर आहे, चूकच आहे. पण त्या दारामागं फिलिस उभी आणि समोर कीज, हे पाहताना कुणाचाही श्वास मोकळा नव्हता, हेही मी पाहिलंय.

मी रेडिओचा माणूस, म्हणून कानाच्या दोन जागा सांगतो. खून मोटारीत होतो. कॅमेरा नवऱ्याकडे वळतच नाही. तो फक्त गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर राहतो, आणि शेजारी काय चाललंय ते आपण ऐकतो. दुसरी जागा त्याच रात्रीची. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलेलं असताना नेफ रस्त्यानं चालतोय आणि म्हणतो, मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू येत नव्हता, ती मेलेल्या माणसाची चाल होती.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. या चित्रपटात डिक्टाफोनवर दोन आवाज आहेत. नेफची कबुली सगळ्यांच्या लक्षात राहते, दुसरा आवाज फार थोड्यांच्या. मध्येच एकदा नेफ चोरून कीजच्या केबिनमध्ये जातो आणि तिथल्या यंत्रावर कीजनं नॉर्टनसाठी सांगून ठेवलेला मेमो ऐकतो. कीजचा संशय आता आपल्यावर आला, असं नेफला वाटत असतं. मेमोत कीज म्हणतो, नेफला मी अकरा वर्षं जवळून ओळखतो आणि त्याची हमी मी स्वतः देतो. आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं एकाच माणसासाठी शब्द टाकला, आणि तो शब्द त्या माणसानं अंधारात उभं राहून, गुन्हेगार म्हणून ऐकला. पहिल्या दृश्यात जखमी नेफ डॉक्टरकडे न जाता त्या यंत्रापाशी का आला, याचं उत्तर मला इथं मिळतं. आलेल्या निरोपाला तो उत्तर देतोय.

केन यांच्या मूळ कथेत हे यंत्र नाही. तिथं नायक निवेदन लिहून ठेवतो. ही कल्पना पटकथेत आली, आणि केन यांनी पुढं मोकळेपणानं कबूल केलं, की सुचली असती तर मीच वापरली असती. स्वतःच्या कथेवरच्या चित्रपटाला इतकी दाद देणारा लेखक विरळा.

वाइल्डरनं शेवटी नेफला गॅस चेंबरमध्ये मरताना दाखवणारं दृश्यही चित्रित केलं होतं. खर्चिक दृश्य, सगळं उभारून घेतलेलं. ते त्यानं काढून टाकलं.

त्याऐवजी चित्रपट कचेरीच्या दारातच संपतो. नेफ मान वर करतो तर कीज उभा आहे, कधीपासून कोण जाणे. नेफ पळून जायला मेक्सिकोच्या सरहद्दीकडे निघतो आणि दारापाशीच कोसळतो. खाली पडल्या पडल्या म्हणतो, तू शोधत होतास तो माणूस तुला सापडला नाही, कारण तो फार जवळ होता, टेबलापलीकडे. कीज म्हणतो, त्याहून जवळ, वॉल्टर. नेफ सिगारेट तोंडात धरतो, काडी ओढायला जातो, हात उठत नाही.

कीज खाली वाकतो, त्याच्या हातातली काडी घेतो आणि पेटवून देतो.

नमस्कार.