समुपदेशकाची खुर्ची

(दृश्य : कोल्हापुरातली माध्यमिक शाळा. टेबलावर नववीचा हजेरीपट.)

धोक्याची खूण बऱ्याचदा आधी इथं उमटते. ऊसतोडणीचा हंगाम लागला की काही पोरं गळतात, हे शाळेला ठाऊक असतं. मग दर सोमवारी दांडी मारणारा, तोडणीशी संबंध नसलेला मुलगाही त्याच गणतीत खपून जातो. म्हणून हजेरी, सहामाहीचे गुण आणि वागण्यातला बदल एकत्र ठेवून बघायचे. नुसत्या गुणांवरून फारसं कळत नाही.

दिव्यांग मुलाच्या बाबतीत चूक वेगळी. तो गप्प झाला, भरलेला डबा घरी न्यायला लागला, की 'त्याचं असंच असतं' म्हणून विषय मिटतो; उदासी दिव्यांगत्वाच्या खात्यावर जमा होते. उलटही घडतं. तोंडी सगळं सांगणारा, पण लिहिताना अडखळणारा मुलगा 'आळशी' ठरतो. ती अध्ययन अक्षमता असू शकते; 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. शिक्का मात्र समुपदेशकानं मारायचा नाही, तपासणीला पाठवायचं. आणि प्रमाणपत्र येईपर्यंत बोलणं थांबवायचं नाही.

(दृश्य : समुपदेशनाची खोली. खुर्ची, मागं खिडकी.)

ही खुर्ची बघा. खिडकीकडे पाठ. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला समोर नुसता काळा चेहरा दिसतो, ओठ दिसत नाहीत. खुर्ची फिरवली की काम झालं. सांकेतिक भाषेसाठी दुभाषी लागला, तर आई किंवा वर्गमित्र नको. तक्रार त्यांच्याचबद्दल असली तर? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीसाठी पंधरा-वीस मिनिटं, चित्रं, एका वेळी एकच प्रश्न. 'कळलं का?' म्हटलं की ती मान डोलावते, तशी सवयच लागलेली असते. 'तू मला सांग बघू' म्हणायचं.

'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देणारे पुढं अडकतात. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ही हद्द पहिल्याच भेटीत सांगायची.

'मरून जावंसं वाटतं का?' हे थेट विचारायचं. विचारल्यानं डोक्यात भरतं, हा गैरसमज. 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही. पालकांना बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो. धोका घरातच असेल, तर आधी 1098, मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन.

वर्गशिक्षकांना चिठ्ठी जाते : 'पहिला बाक द्या.' कारण वहीत, वही कुलपात.