सनद कुणाच्या हातात?

[दृश्य: मुंबई उच्च न्यायालय, फोर्ट. खांबावरचं कोरीवकाम, जवळून.]

हे माकड जरा नीट बघा. हातात तराजू आहे आणि पट्टी फक्त एका डोळ्यावर. दुसरा डोळा उघडा. आणखी एका खांबावर कोल्हा आहे, त्याच्या गळ्यात वकिलाचे पांढरे बँड. कर्नल फुलर यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली ही इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. एका कंत्राटदाराचं सरकारशी बिनसलं आणि त्याने हा सूड दगडात कोरून घेतला, असं कोर्टातले जुने लोक रंगवून सांगतात. पुरावा काही नाही. पण दीडशे वर्षं होत आली, न्यायाधीश आणि वकील या दोघांचीही टिंगल एकाच छपराखाली शाबूत आहे आणि कुणी तिला छिन्नी लावलेली नाही.

आपला विषय या दोघांमधलाच. वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना.

[दृश्य: भिंतीवर फ्रेम केलेली सनद. खाली फायलींची चळत.]

सनद मिळते तेव्हा घरचे सगळे फोटो काढतात. जाते तेव्हा वकील अधिनियम, १९६१ मधलं एक कोरडं कलम लागू होतं, कलम ४१. नाव यादीवरून कमी करा आणि प्रमाणपत्र परत मागवा. म्हणजे ही फ्रेम भिंतीवरून उतरवायची आणि आतला कागद पाठवून द्यायचा.

उतरवायला सांगणार कोण? आणि ज्याला ते मान्य नाही, त्याने कुठल्या कोर्टाची पायरी चढायची?

[दृश्य: जुने छायाचित्र, उच्च न्यायालय. मग ग्रंथालयातला कायद्याचा जुना खंड.]

एके काळी उत्तर सोपं होतं. १८६५ च्या लेटर्स पेटंटमधलं, म्हणजे उच्च न्यायालयाला अधिकार देणाऱ्या राजसनदेतलं, दहावं कलम. वकिलांना प्रवेश देणारं उच्च न्यायालय, आणि रास्त कारण दिसलं की त्यांना निलंबित करणारं किंवा काढून टाकणारंही तेच. अनेकदा तक्रारही एखाद्या न्यायाधीशाकडूनच यायची. दाद मागायची तर थेट लंडन, तेव्हाचं अखेरचं अपील न्यायालय, प्रिव्ही कौन्सिल. जहाजाचं भाडं कुणी भरायचं, ते लेटर्स पेटंटमध्ये लिहिलेलं नव्हतं.

ही रचना कशी चालायची, ते बघायला १९१९ मध्ये जाऊ.

[दृश्य: साबरमती आश्रम. मग मणिभवन, गावदेवी. ‘यंग इंडिया’चे पिवळे पडलेले अंक.]

रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली. प्रतिज्ञा अशी, की हे कायदे, आणि पुढे समिती ठरवेल ते इतर कायदेही, आम्ही विनयपूर्वक मोडू. अहमदाबादेत दोन बॅरिस्टर आणि तीन वकिलांनी तिच्यावर सह्या केल्या. तिथले जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिलं. कायदा मोडण्याची शपथ घेतलेली माणसं कायद्याचा व्यवसाय कशी करू शकतात, असा त्यांचा सवाल. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्या पाच जणांना नोटिसा काढल्या.

इथे लक्षात घ्या, या पाच जणांनी कुठल्या अशिलाला फसवलेलं नव्हतं. कुणाचे पैसे बुडवलेले नव्हते. एका कागदावर सही केली होती, आणि ती सही न्यायाधीशाला खटकली होती.

[दृश्य: अंकाचं पान, ६ ऑगस्ट १९१९. मथळ्यावर कॅमेरा स्थिर.]

ते पत्र गांधीजींच्या हाती लागलं आणि ६ ऑगस्टच्या ‘यंग इंडिया’त जसंच्या तसं छापून आलं, वर गांधीजींच्या टीकेसह. प्रकरण न्यायप्रविष्ट होतं. रजिस्ट्रारनी माफी मागायला सांगितलं, गांधीजींनी नकार दिला. संपादक म्हणून ते आणि प्रकाशक म्हणून महादेवभाई देसाई, दोघांवर अवमानाची कारवाई झाली. १२ मार्च १९२० ला मार्टिन, हेवर्ड आणि काजीजी या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. दोघांना कडक शब्दांत समज. तुरुंग नाही, दंड नाही.

वकिलांच्या सनदीही वाचल्या. ताकीद मिळाली. पण सनदी वाचल्या त्या न्यायालयाच्या मर्जीने. त्याच न्यायालयाच्या, ज्याच्यासमोर त्यांना दुसऱ्या दिवशी उभं राहून अशिलाची बाजू मांडायची होती.

[दृश्य: येरवडा कारागृहाचं प्रवेशद्वार, बाहेरून.]

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ते इथे येरवड्याला होते, तेव्हा १० नोव्हेंबर १९२२ ला लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचं नाव त्याच संस्थेने १९०९ मध्येच काढलं होतं. हे काम न्यायालयाने केलेलं नाही, वकिलांच्याच संस्थेने केलं. वकिलांच्या हाती सूत्रं दिली म्हणजे न्याय होतोच, असं समजणाऱ्यांनी ही दोन नावं विसरू नयेत. गांधीजींचं नाव परत लागलं १९८८ मध्ये, वर्मांचं २०१५ मध्ये.

[दृश्य: संसद भवनाची जुनी इमारत. कायद्याचं मुखपृष्ठ.]

१९२६ च्या कायद्याने बार कौन्सिलं, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्था आल्या, पण अर्ध्याच. चौकशी त्यांच्या समितीने करायची आणि शेवटचा शब्द पुन्हा उच्च न्यायालयाचा. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बार समिती बसली, १९५३ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९६१ मध्ये वकील अधिनियम. त्याने हा शेवटचा शब्द उच्च न्यायालयाकडून काढून घेतला.

[दृश्य: पायऱ्या. वकील वर चढताना, मागून.]

आता शिडी अशी आहे. तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. गैरवर्तन झालं असावं असं मानायला जागा दिसली, तरच ती शिस्तपालन समितीकडे जाते. समितीत तिघे, दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा वकील. साक्षीदार बोलावण्याचे, शपथपत्र घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार तिला आहेत. एक अपवाद मात्र मार्मिक आहे. न्यायाधीशाला साक्षीला बोलवायचं असेल तर आधी उच्च न्यायालयाची परवानगी.

समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव कायमचं काढू शकते. त्यावर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, साठ दिवसांत. त्याच्यावर अपील, पुन्हा साठ दिवसांत, थेट सर्वोच्च न्यायालयात, कलम ३८. मधल्या पायरीवर उच्च न्यायालय नाही. आणि नुसतं अपील दाखल केलं म्हणून सनद परत चालू होत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

[दृश्य: फौजदारी कोर्टाचं प्रवेशद्वार, सकाळची गर्दी. काळे कोट.]

अपील करायचं कुणी, यावरही लढाया झाल्या, आणि मोठ्या लढाया मुंबईच्याच. एका वकिलाला इंग्लंडमध्ये किरकोळ शिक्षा झाली होती. राज्याच्या कौन्सिलने त्याला गैरवर्तन मानलं नाही. महाराष्ट्राचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च वकील, एच. एम. सीरवाई यांनी त्याविरुद्ध अपील केलं. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, महाधिवक्ता हे ‘बाधित व्यक्ती’ नाहीत, त्यांना अपिलाचा हक्क नाही. तीन वर्षांनी संसदेने कायदा बदलून तो हक्क दिला.

दुसरं प्रकरण अशाच एका दारातलं. काही वकील मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या तोंडाशी उभे राहायचे, अशील दिसला की धावायचे, फी पाडून सांगायचे, कागद हातातून ओढायचे, प्रसंगी एकमेकांशी झोंबाझोंबी. राज्याच्या कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, दिल्लीतल्या, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, समितीने सोडून दिलं. मग महाराष्ट्राचं बार कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याच शिस्तीचा निकाल उलटला तर कौन्सिल ‘बाधित’ होतं का? १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींनी उत्तर दिलं, हो, होतं. व्यवसायाची इभ्रत सांभाळणं हे तिचं कामच आहे.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाचा घुमट. वर्तमानपत्रांची कात्रणं.]

आणि आता तो खटला, ज्याच्यासाठी हा चित्रपट करावासा वाटला.

९ मार्च १९९४, अलाहाबाद उच्च न्यायालय. विनयचंद्र मिश्र युक्तिवादाला उभे आहेत. ते साधे वकील नाहीत, बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष आहेत. न्यायमूर्तींनी एक प्रश्न विचारला आणि मिश्र भडकले. बदली करवीन, महाभियोग आणवीन, अशी भाषा झाल्याचं न्यायमूर्तींनी पत्रात लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन अवमानाची कारवाई सुरू केली. वर्षभराने, १० मार्च १९९५ ला शिक्षा झाली, सहा आठवडे साधी कैद, तीही स्थगित. आणि सोबत तीन वर्षं वकिली बंद.

कैद समजू शकते, अवमानाची शिक्षाच ती. पण वकिली बंद करण्याचा अधिकार कुठून आला? ना तक्रार, ना शिस्तपालन समिती, ना साठ दिवसांचं अपील. अपील ज्याच्याकडे यायचं, त्यानेच पहिला निकाल दिला, तर अपील करायचं कुणाकडे?

[दृश्य: निकालाचं पहिलं पान, १७ एप्रिल १९९८.]

सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन हाच सवाल घेऊन गेली. न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांनी पाच जणांच्या घटनापीठाचा निकाल लिहिला. मिश्र वागले ते योग्य, असं त्यात कुठेही नाही. त्यात आहे ते एवढंच, की अवमान ही एक गोष्ट आणि व्यावसायिक गैरवर्तन ही दुसरी. अवमानाची शिक्षा न्यायालय देईल. सनदीचा निर्णय बार कौन्सिलने घ्यायचा, कायद्याने आखलेल्या पद्धतीने. संपूर्ण न्याय करण्याचा अनुच्छेद १४२ मधला अधिकार मोठा खरा, पण तो वापरून संसदेने केलेला कायदा बाजूला सारता येत नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच हाताला घातलेली ही मर्यादा आहे. आमच्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोलाची.

ती पुढे तशीच राहिली का? थोडी सैल झाली. २००९ मध्ये ठरलं, सनदीला हात न लावता उच्च न्यायालय आपल्या दालनात उभं राहण्यापासून वकिलाला रोखू शकतं. २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींनी आणखी पुढे जाऊन म्हटलं, बार कौन्सिल हातावर हात ठेवून बसलं तर कलम ३८ खालचा अधिकार आम्ही स्वतःहून वापरू. आणि समोरच्या वकिलाची सनद निलंबित केलीही.

[दृश्य: उच्च न्यायालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेले पक्षकार.]

कौन्सिलं हातावर हात ठेवतात, हे खोटं नाही. वर्षभरात तक्रार निकाली निघाली नाही तर ती दिल्लीला जाते, आणि तिथेही साचते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. तोवर वकिलाने बुडवलेला अशील थांबलेला असतो.

शिडीवर नसलेलं उच्च न्यायालय मात्र पूर्ण बाहेर नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ची, म्हणजे रिट याचिकेची, खिडकी उघडी आहे. अपिलाची सोय असताना उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही, पण कौन्सिलने अधिकारच ओलांडला असेल तर घालतं. अशील नसलेल्या माणसाने वकिलावर केलेल्या तक्रारीची आपल्या कौन्सिलने दखल घेतली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रोखली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिललाच पन्नास हजारांचा खर्च लावला.

[दृश्य: कोर्टाच्या आवारात वकिलांचं आंदोलन. काळ्या कोटांची रांग, घोषणा.]

ही दृश्यं फेब्रुवारी २०२५ ची. २०१६ च्याच निकालात कायद्याचा फेरविचार सुचवला होता, त्यावर विधी आयोगाचा २६६ वा अहवाल आला, आणि पुढे केंद्र सरकारने वकील अधिनियमात दुरुस्त्यांचा मसुदा मांडला. बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारनियुक्त सदस्य, कामबंदला मनाई. देशभर वकील रस्त्यावर आले. २२ फेब्रुवारीला मसुदा मागे घेतला गेला. सुधारून पुन्हा चर्चेला ठेवू, असं कायदा मंत्रालयाने तेव्हाच सांगून ठेवलं आहे.