तोंड वाकडं झालं, मग डॉक्टर छाती का तपासतात?

नमस्कार मंडळी. आज लकव्याबद्दल बोलायचंय, कुणी पॅरालिसिस म्हणतं, गावाकडं अंगावरून वारं गेलं म्हणतात, आणि हल्ली सगळेच स्ट्रोक म्हणतात. पण मी सुरुवात करणारे हार्टपासून. कारण वॉर्डात एक वाद हमखास होतो बघा. पेशंटचा उजवा हात-पाय गेलेला असतो, बोलता येत नसतं, आणि डॉक्टर ईसीजी काढतात, टूडी इको सांगतात, चोवीस तास होल्टर, म्हणजे हार्टचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावून ठेवा म्हणतात. मग घरचे वैतागतात, की अहो बिघाड डोक्यात झालाय, तुम्ही छातीच्या तपासण्या करून बिल कशाला वाढवताय? त्यांचा राग मला कळतो, खर्च होतोच, पण बऱ्याच पेशंटमध्ये कारण खरोखर छातीतच सापडतं.

स्ट्रोक दोन प्रकारचा. एकात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, दुसऱ्यात ती बंद पडते, आणि जास्त करून हा दुसराच असतो, 100 पेशंटमधले साधारण 80. आता बंद पडते म्हणजे काय, तर कधी तिथल्या तिथं चरबी साचून, कधी मानेतल्या मोठ्या नसेतला थर सुटून वर जातो, आणि कधी हार्टमध्ये तयार झालेली रक्ताची गुठळी थेट मेंदूत जाऊन अडकते. ही हार्टवाली गुठळी मोठी असते, मोठी नस अडवते, त्यामुळे असा स्ट्रोक बहुतेक वेळा जोरात येतो.

गुठळी होते कशी? हार्टचे वरचे कप्पे एका तालात आकुंचन पावायला हवेत. काही लोकांमध्ये तो ताल सुटतो आणि कप्पा नुसता थरथरत राहतो, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं एएफ म्हणतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथं रक्त रेंगाळतं, आणि अडलेल्या पाण्यावर शेवाळ धरावं तशी तिथं गुठळी धरते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून लोकांच्या हार्टचा अभ्यास चाललाय, त्यात दिसलं की एएफ असेल तर स्ट्रोकचा धोका पाचेक पट होतो, आणि सोबत झडपेचा संधिवाताचा आजार असेल तर सतराएक पट. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पंचाईतच, पुष्कळांना एएफचा काहीही त्रास जाणवत नाही. काहींना छातीत धडधडतं, दम लागतो, ते वय झालं म्हणून सोडून देतात.

झडपेच्या आजारावर जरा जास्त बोलते, कारण तो आपल्याकडचा आहे. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग गुडघे-घोटे सुजतात, आठ-पंधरा दिवसांत सगळं बरं वाटतं आणि घरचे विसरून जातात. पण त्या तापात काही मुलांच्या हार्टची डावीकडची झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, खराब व्हायला लागलेली असते आणि पुढं वर्षानुवर्षं ती अरुंद होत जाते. मग मुलगी मोठी होते, लग्न होतं, गरोदरपणात दम लागतो तेव्हा कळतं, आणि काही जणींना तर तेव्हाही कळत नाही, तिशी-पस्तिशीत एकदम अर्धं अंग जातं तेव्हाच कळतं. एवढ्या तरुण बाईला लकवा कसा म्हणून मग बाहेरचं बघायला जातात! मुलाला असा सांध्यांचा ताप येऊन गेला असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 21 दिवसांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, चुकवायचं नाही, शाळा असो की यात्रा असो.

बीपीचं वेगळं सांगायला नको, पण सांगतेच. बीपी मेंदूतली नस तर फोडतंच, शिवाय वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं हार्टचा वरचा कप्पा ताणला जातो आणि एएफ सुरू होतं. शुगर आहे, बिडी-सिगारेट, तंबाखू आहे, आणि मिश्री पण तंबाखूच आहे बायांनो. मोठा हार्ट अटॅक येऊन गेलाय, पंपिंग फार कमी झालंय, त्यांच्याही हार्टच्या खालच्या कप्प्यात गुठळी होऊ शकते.

एएफ सापडलं की बऱ्याच जणांना रक्त पातळ करायची गोळी लागते. वॉरफरिनची लोकांना भीती वाटते, कुणीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं की हे उंदीर मारायचं औषध आहे. होय, होतं. उंदरांसाठीच आधी वापरलं, नंतर माणसांना द्यायला लागले, आणि 1955 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं होतं. (त्यांना 1957 मध्ये स्ट्रोकही आला, काही काळ शब्द सापडेनात, पण सावरले.) मुद्दा डोसचा आहे. त्यासाठी आयएनआर नावाची रक्ताची तपासणी असते, एएफमध्ये तो आकडा सहसा 2 ते 3 मध्ये ठेवतात. पालेभाजीनं या गोळीचा असर कमी-जास्त होतो, म्हणून ती बंद करू नका, रोज साधारण सारखी खा. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं घेऊ नका. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही पण झडप फार अरुंद असेल किंवा धातूची बसवलेली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलायची नाही.

नाडी मात्र घरी बघता येते. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा, मिनिटभर. ठोके कसेही, कधी लवकर कधी उशिरा पडत असतील तर ईसीजी काढून घ्या.

आणि झालाच स्ट्रोक तर? तोंड एका बाजूला ओढलंय, हात वर धरला की खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, एकदम तोल जातोय किंवा दिसेनासं झालंय, यातलं एक जरी असलं तरी 108 लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला जा. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, काही निवडक पेशंटमध्ये तारेनं गुठळी काढायचं काम 24 तासांपर्यंत करता येतं, पण उशीर होईल तितक्या पेशी मरतात, मिनिटाला 19 लाख असा एक अंदाज आहे. म्हणून मालिश, कबुतराचं रक्त, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका. तोंडात पाणी घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. हार्ट अटॅकला ॲस्पिरिन चावायला देतात हे ऐकून इथंही देतात, ते नको, नस फुटलेली असेल तर रक्तस्राव वाढेल, आणि ते स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. जिभेखालची गोळीही नको, बीपी एकदम पडलं तर मेंदूला रक्त आणखी कमी पडतं.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न येईल, शेवटचं ठणठणीत कधी बघितलं होतं? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर वेळ उठल्याची नाही, झोपायला गेले तेव्हाची धरतात. दुसरा प्रश्न, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आणि शेवटची कधी घेतली, कारण ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावरही ठरतं. फाईल शोधत बसू नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि निघा.