आडपडदा नसलेला गुरू

श्रोतेहो, नमस्कार.

आज ७ नोव्हेंबर. १९९८ साली याच दिवशी पुण्यात गायक आणि संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी गेले. गोव्यात आणि महाराष्ट्रात त्यांना पंडित म्हणणारे कमी, बुवा म्हणणारेच जास्त. मीही बुवाच म्हणणार आहे.

माझी त्यांची ओळख तुमच्यासारखीच, कानांची. शिष्य होण्याइतकं माझं नशीब नव्हतं आणि खरं सांगायचं तर गळाही नव्हता. लहानपणी आमच्या गावातल्या एका गाणाऱ्या गृहस्थांकडे मला पाठवलं होतं. चांगलं गायचे. पण चिजांची, म्हणजे बंदिशींची, वही कायम मांडीखाली! अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, सांगायचे आणि अंतरा, म्हणजे पुढचा भाग, विचारला की म्हणायचे, "पुढच्या दिवाळीला बघू." तीन दिवाळ्या गेल्या. तो अंतरा मला शेवटी रेडिओवरच ऐकायला मिळाला. ते काही वाईट नव्हते, तो रिवाजच होता. विद्या दिली की आपल्याकडची कमी होते, असं मानणारे पुष्कळ होते.

बुवा शिकले ते अशाच जगात, आणि तेही एका दारी नाही. मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारं हे घराणं, त्यावरूनच अभिषेकी हे आडनाव पडलं. वडील कीर्तनकार, तेव्हा शब्द स्वच्छ कसा म्हणावा हे घरातच कानांवर पडलेलं. मग गिरिजाबाई केळेकर. पुढे मुंबईत आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँसाहेब, आणि जयपूर घराण्याच्या चिजांचा खजिना सांभाळून बसलेले गुलुभाई जसदनवाला. एवढ्या दारांशी जाऊन झोळी भरायची म्हणजे मान किती वेळा वाकवावी लागली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? जगन्नाथबुवा बंदिशीत 'गुणिदास' अशी मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, घालायचे, खाँसाहेब 'दिलरंग'. बुवांनी आपल्या बंदिशींसाठी नाव घेतलं 'श्यामरंग'. त्यातला 'रंग' खाँसाहेबांच्या घरातला असावा, असं मला आपलं वाटतं.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोंकणी विभागात ते नोकरीला होते. म्हणजे आज मी बोलतोय ते एका अर्थी त्यांच्याच घरात बसून. रेडिओचं गाणं म्हणजे घड्याळाशी मारामारी. तीन-चार मिनिटांत मुखडाही ठसला पाहिजे आणि भावही पोचला पाहिजे. ही शिस्त त्यांनी पुढे नाटकात नेली असावी. १९६४ साली 'मत्स्यगंधा' आलं तेव्हा संगीत नाटकाला उतरती कळा लागलेली. पूर्वी एकेका पदाला वन्स मोअर पडून रात्र सरायची, पण आता लोकांना शेवटची लोकल गाठायची होती. बुवांनी पदं आटोपशीर केली, चाली प्रसंगाला बिलगून बांधल्या, आणि तरीही राग पातळ होऊ दिला नाही. हे अवघड आहे. पाक आटवायचा, पण करपू द्यायचा नाही.

मग १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. या नाटकाची गोष्ट नीट आठवा. खाँसाहेबांकडे अफाट विद्या आहे, पण ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि सदाशिव नावाचा मुलगा ओळख लपवून त्याच हवेलीत राहतो आणि चोरून ऐकतो. माझ्या गावातल्या त्या वहीचीच गोष्ट, फक्त हवेली मोठी! आणि गंमत बघा, या गोष्टीला सूर कोणी दिले? ज्याच्या घरी चोरून ऐकायची कुणालाच गरज पडली नाही, त्या माणसानं.

कारण लोणावळ्याला बुवांनी गुरुकुल चालवलं. शिष्य घरातच राहायचे, घरचंच जेवायचे. आणि शिकवण्याचा पुरावा हवा असेल तर बुवांचं गाणं बाजूला ठेवा आणि शिष्यांचं ऐका. प्रभाकर कारेकरांचा तो टिपेला भिडणारा आवाज. अजित कडकडे अभंग घेतात तो आर्जवी सूर. देवकी पंडित यांची शांत, रेखीव मांडणी. बुवांचे पुत्र आणि शिष्य शौनक अभिषेकी. या चौघांना एकापाठोपाठ ऐका. एकाच्या गळ्यावर दुसऱ्याचा शिक्का नाही, आणि बुवांच्या आवाजाची नक्कलही नाही. नाहीतर आपल्याकडे गुरूचा खोकलासुद्धा सहीसही उचलणारे शिष्य असतात, आणि त्याचंही कौतुक होतं! बुवांनी ज्याला जे शोभेल ते दिलं. माझ्या लेखी त्यांची मोठी रचना 'कट्यार' नाहीच, ही वेगवेगळी माणसं आहेत. हे मत पटत नसेल तर भांडायला या, केंद्राचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यांची भजनं, 'हे सुरांनो चंद्र व्हा'सारखी पदं, यांबद्दल बोलायला आज वेळ नाही. काचेपलीकडून मला बोट दाखवलं जातंय.

तेव्हा आता ऐकू या 'घेई छंद मकरंद'. 'कट्यार'मध्ये हेच शब्द बुवांनी दोनदा बांधले आहेत, एकदा नाटकातल्या पंडितजींच्या वळणानं आणि एकदा खाँसाहेबांच्या. आम्ही दोन्ही लावतोय, आधी संथ चाल, मग द्रुत. दुसरी सुरू झाली की पहिली विसरू नका, मनात चालू ठेवा. आणि घरात कुणी गाणं शिकणारं पोर असेल, तर त्यालाही हाक मारा. रेडिओजवळ बसू दे.