लॅपटॉपवर एडिटिंग करताय? मग एकच मोठी हार्ड डिस्क घेऊ नका

नमस्कार मंडळी. लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो: "एडिटिंगसाठी टिकाऊ एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणती घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलंच असतं. पाच टीबीची एक पोर्टेबल डिस्क आणायची, सगळं फुटेज तिच्यात टाकायचं, तिच्यावरूनच एडिट करायचं आणि पुढच्या वर्षी क्लायंटने पुन्हा मागितलं तर तिच्यातूनच काढून द्यायचं.

हे करू नका. एडिट करायची डिस्क वेगळी, फुटेज ठेवायची डिस्क वेगळी. का, ते सांगतो.

आधी हिशेब. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ४के, १०० एमबीपीएस असं दिसतं. ते मेगाबिट असतात, म्हणून आठने भागायचं. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. हळदीपासून रिसेप्शनपर्यंत सगळ्या कॅमेऱ्यांचं मिळून दहा तासांचं फुटेज असेल तर ४५० जीबी झाले. ड्रोनवाल्याचं कार्ड अजून यायचंच आहे.

आता गंमत बघा. साडेबारा मेगाबाइट म्हणजे काहीच नाही. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे मारणारी साधी फिरती डिस्क मोकळी असताना सेकंदाला १२०-१३० मेगाबाइट आरामात देते. तरी टाइमलाइन अडकते, कारण बऱ्याच वेळा दोष डिस्कचा नसतोच! कॅमेऱ्यातलं एच.२६४ किंवा एच.२६५ फुटेज खूप दाबून भरलेलं असतं आणि ते उलगडताना लॅपटॉपचा दम निघतो. टास्क मॅनेजर उघडा आणि व्हिडिओ प्ले करा. सीपीयू किंवा जीपीयू शंभर टक्क्यांना टेकलंय आणि डिस्क निवांत पडलीय, असं दिसलं तर नवी डिस्क घेऊन उपयोग नाही. प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटपुरत्या हलक्या प्रती बनवा. पैसे वाचले, व्हिडिओ इथेच बंद केलात तरी चालेल.

पण फिरती डिस्क खरोखर आडवी येते ती मल्टिकॅममध्ये. अक्षता पडतायत, तीन कॅमेरे सिंकमध्ये लावलेत आणि तुम्ही चालू व्हिडिओवर कट मारताय. डिस्कचं हेड एका फाइलवरून दुसरीवर न्यायला साधारण दहा-बारा मिलिसेकंद लागतात. त्यावर हवा तो भाग फिरून हेडखाली यायला सरासरी आणखी साडेपाच. तीन व्हिडिओ, दोन ऑडिओ, शिवाय वेव्हफॉर्म आणि थंबनेल. डिस्क वाचते कमी आणि पळते जास्त. एसएसडीमध्ये डेटा मेमरी चिपवर असतो, फिरणारं काही नसतंच, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण प्रोरेसची, म्हणजे ॲपलच्या कमी दाबलेल्या व्हिडिओ फॉरमॅटची. ४के, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू म्हणजे सेकंदाला ९० मेगाबाइटच्या वर. एकाच स्ट्रीमला फिरती डिस्क काठावर येते. आयफोनवर ४के प्रोरेस शूट केलंत तर मिनिटाला सुमारे ६ जीबी जातात. आणि डिस्क भरत गेली की डेटा आतल्या ट्रॅकवर जातो, तिथे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. नवी असताना पळणारी डिस्क सहा महिन्यांनी रडायला लागते त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण बॉक्सवर कुणी छापत नाही. आज मिळणाऱ्या बहुतेक अडीच इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. कौलारू घराच्या छपरासारखे ट्रॅक एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची आजूबाजूची कौलं उचलावी लागतात, तसंच इथे मधला एक ट्रॅक बदलायला शेजारचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, कारण डिस्कमध्ये थोडी जागा झटपट लिहिण्यासाठी राखलेली असते. ती संपली की कॉपीचा वेग १२० वरून २०-३० मेगाबाइटवर घसरतो आणि तुम्हाला वाटतं डिस्क गेली. गेलेली नसते. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. एनएएससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्ये गाजावाजा न करता एसएमआर घातल्याचं तेव्हा उघड झालं.

म्हणून एसएमआर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. एकदा लिहा, कपाटात ठेवा, लागली तर वाचा, या कामाला ती उत्तम. त्याच डिस्कवर रेंडर, कॅशे, ऑटोसेव्ह असं दिवसभर खोडणं-लिहिणं चाललं की हाल होतात. साठवणीला ती घ्या, एडिटला एसएसडी. ५०० जीबीची एसएसडी एका लग्नात भरते, म्हणून शक्य असेल तर दोन टीबीची घ्या आणि दहा-पंधरा टक्के जागा कायम रिकामी ठेवा. प्रोजेक्ट डिलिव्हर झाला की फुटेज साठवणीच्या डिस्कवर हलवायचं.

एसएसडीच्या बॉक्सवर १०५० एमबी असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे १० जीबीपीएसचा (सेकंदाला १० गिगाबिट) यूएसबी. लॅपटॉपसाठी तेवढं भरपूर झालं. २००० एमबीवाल्या यूएसबी ड्राइव्हना २० जीबीपीएसचा एक खास प्रकारचा पोर्ट लागतो. तो फार थोड्या लॅपटॉपवर असतो आणि बहुतेक मॅकबुकवर तर हे ड्राइव्ह १० जीबीपीएसनेच चालतात. दुप्पट पैसे देऊन तोच वेग. खरा फरक वेगळाच असतो: स्वस्त एसएसडीत बहुधा क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) प्रकारची मेमरी असते आणि आतली कॅशे, म्हणजे झटपट लिहिण्याची जागा, भरली की मोठी कॉपी मध्येच मान टाकते. दर बरा वाटला तरी आधी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे का, विचारा.

[क्लोज-अप: दोन केबल शेजारी शेजारी]

आता या दोन केबल बघा. दोन्ही टाइप-सी, दोन्ही पांढऱ्या. ही जाड, आखूड केबल एसएसडीच्या बॉक्समधून निघाली. ही लांब, लवचीक केबल फोनच्या चार्जरबरोबर आली. चार्जरबरोबरच्या बहुतेक केबल यूएसबी २ च्याच असतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला फार तर ४० मेगाबाइट. १०० जीबीचं फुटेज कॉपी करायला या चार्जरच्या केबलने पाऊण तास घालवला, तर त्याच ड्राइव्हला जाड केबलवर दोन-तीन मिनिटं पुरतात, फक्त समोरची डिस्कही तेवढी वेगवान हवी. टापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला केबल घ्यायला गेलात तर "डेटा चालेल ना?" एवढंच विचारू नका, "१० जीबीपीएसची आहे का?" असं विचारा. जुन्या पोर्टेबल डिस्कचा तो रुंद, चपटा मायक्रो-बी कनेक्टर असेल तर तो हलवून बघा. ढिला झाला असेल तर एडिट चालू असताना डिस्क गायब होते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. स्वस्त हबवर माऊस, कार्ड रीडर आणि ड्राइव्ह एकत्र लावला तरी तेच. एडिटचा ड्राइव्ह थेट लॅपटॉपला.

आता टिकाऊपणा. कंपन्यांवरून लोक अक्षरशः भांडतात. एकाची एका ब्रँडची डिस्क उडालेली असते, दुसऱ्याची दुसऱ्या. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो हार्ड डिस्कची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिथे वर्षाला १.७ टक्के डिस्क बंद पडल्या. त्या सर्व्हरमधल्या, एसीत एका जागी बसलेल्या डिस्क. तुमची डिस्क सॅकमध्ये घालून बाइकवरून फिरते. काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात खोलीचंच तापमान त्याच्या वर जातं. तेव्हा ती लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी तरी ठेवू नका.

एसएसडी पडून सहसा खराब होत नाही, पण ती अमर नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही ड्राइव्हमधून डेटा गायब होत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने फर्मवेअर अपडेट दिला, अमेरिकेत खटलेही झाले. आणि वर्षानुवर्षं वीज न देता एसएसडी कपाटात ठेवली तर तिच्यातला डेटा हळूहळू पुसट होऊ शकतो. साठवणीला फिरती डिस्क सांगतोय ती फक्त स्वस्त म्हणून नाही.

त्यामुळे "कुठली डिस्क बिघडत नाही" हे शोधण्यापेक्षा ती बिघडेल असं धरूनच चाला. फुटेजच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. असिस्टंट कितीही घाईत असू दे, "कार्ड खाली करून दे" म्हणू दे. साठवणीच्या डिस्कही दोन घ्या, जमलं तर एक दुसऱ्या घरी ठेवा. वॉरंटी तीन वर्षांची असो की पाच, कंपनी डिस्क बदलून देते. त्या लग्नातली सप्तपदी तिला बदलून देता येत नाही.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एसएसडीला एपीएफएस. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नलिंग (बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणं) नसतं, लिहिता लिहिता केबल निघाली तर फोल्डरच खराब होऊ शकतं. ते फक्त फुटेज दुसऱ्याला नेऊन द्यायला वापरा.

शेवटचं. ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी मातीमोल भावात दिसते, ती खोटी असते. उघडली की आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं. कॉम्प्युटरला १६ टीबी दिसतात, कॉपीही होते, आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं कचरा. म्हणून ड्राइव्ह कुठूनही घ्या, फुटेज टाकण्याआधी तो एकदा काठोकाठ भरून परत वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅकवर एफ३, दोन्ही फुकट आहेत. दोन टीबीला काही तास जातात, रात्री लावून झोपा. सकाळी एरर दिसलीच, तर परत करायची मुदत अजून हातात असते.